घरच्या जुन्या कॅसेट भंगारात देण्याआधी एवढं करा

धामणगाव रेल्वे : दिवाळीच्या साफसफाईत कॅसेटचा डबा निघतो अन् थेट भंगारात जातो. थांबा! विकतची गाणी मोबाईलवर मिळतील, पण घरी टेप केलेलं आजोबांचं खंजिरी भजन दुसरीकडे कुठंच नाही.

आधी कॅसेट उजेडात पाहा. फितीवर पांढरी बुरशी असेल तर लावू नका; ती टेपच्या हेडला लागून दुसऱ्या कॅसेटही खराब करते. फीत सैल असेल तर चाकात पेन्सिल घालून हळूच ताणा. कॅसेटच्या मागच्या कडेचे दोन्ही प्लास्टिकचे तुकडे तोडा, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी आवाज पुसला जाणार नाही.

जुना टेप फीत खातो. म्हणून पहिले बिनकामाची कॅसेट लावून पाहा. मग घरची लावा अन् शांत खोलीत मोबाईल स्पीकरजवळ ठेवून रेकॉर्ड करा. 60 मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू 30 मिनिटं चालते. दोन्ही बाजू ऐका.

नंतर कॅसेट उभी ठेवा, टिनाखालच्या उन्हात किंवा स्पीकरच्या चुंबकाजवळ नको. डबीवर आवाज कुणाचा तेही लिहा. ओळखणारी माणसं आज घरात आहेत, त्यांनाच विचारा.