चावी खिळ्यालाच होती

"अगं, पण झोपणार कुठे?"

"गाडीत."

"आणि स्वयंपाक?"

"गाडीच्या मागे."

"आणि पाऊस आला तर?"

"येणारच! पाऊस बघायलाच तर चाललोय."

आषाढात, कोकणात, पन्नाशी ओलांडलेल्या दोघी बायका आणि एक जुनी ओम्नी. मैत्रिणीने हा बेत सांगितला तेव्हा मला आधी हसू आलं, मग पोटात गोळा आला. घरी सांगितलं तर यजमानांनी वर्तमानपत्रातून मान वर करून एकच प्रश्न विचारला, "चालवणार कोण?"

"ती," मी म्हटलं. पुन्हा वर्तमानपत्र वर गेलं. ती परवानगी होती की हरल्याची कबुली, अजून कळलेलं नाही.

ही ओम्नी मैत्रिणीच्या यजमानांची. कराडला त्यांचं इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान होतं. पंखे, वायरची भेंडोळी, सगळं याच गाडीतून यायचं. दोन वर्षांपूर्वी ते गेले. गाडी दारात उभी राहिली. मुलाने गिऱ्हाईकही पाहून ठेवलं होतं. "विकण्याआधी एकदा मला ती समुद्रापर्यंत न्यायचीय," एवढंच ती म्हणाली.

परदेशात कॅम्परव्हॅन नावाची गाडी असते. आत पलंग, ओटा, कधी कधी न्हाणीघरसुद्धा. हल्ली आपल्याकडेही तशा भाड्याने मिळतात, पण रोजचं भाडं ऐकून आम्ही फोन ठेवला. मग आमची आम्हीच केली. गाडीच्या बांधणीत बदल करायचा तर आरटीओची परवानगी लागते, म्हणून कापाकापी काही नाही. मागची सीट दुमडली, दोन पत्र्याच्या ट्रंकांवर प्लायवूडची फळी टाकली, वर गादी. जुन्या साडीचे पडदे. एका ट्रंकेत शिधा, दुसरीत कपडे. छोटा गॅस, पाण्याचा कॅन आणि खिडक्यांना मच्छरदाणीचं कापड. झाला की संसार! ओम्नीचं मागचं दार वर उघडतं, ते आमचं छप्पर. गॅस मात्र कायम त्या दाराखाली, बाहेर. बंद गाडीत गॅस पेटवायचा नाही आणि इंजिन चालू ठेवून झोपायचं नाही. विषारी वायू साठतो आणि झोपेत कळतसुद्धा नाही. रात्री काच दोन बोटं उघडी, हा पहिला नियम.

अष्टमीला पहाटे निघालो. पाटण, कोयनानगर आणि मग कुंभार्ली घाट. घाटात धुकं असं की पुढच्या ट्रकचे फक्त लाल दिवे दिसावेत. मैत्रीण पुढे वाकून, दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून बसलेली. मी मनातल्या मनात रामरक्षा म्हणत होते, हे तिला अजून माहीत नाही! ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटच्या खाली असतं. उन्हाळ्यात त्याला शिव्या घालतात, पण त्या ओल्या घाटात ती ऊब फार बरी वाटली.

चिपळूणला चहाला थांबलो. टपरीवाल्या ताईंनी पाणी कुठवर चढलं होतं ते हात उंच करून दाखवलं. २२ जुलै २०२१चा तो महापूर. तिथलं १८६४ सालचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरही त्यात बुडालं होतं. "आता पाऊस जोरात लागला की झोप येत नाही," ताई म्हणाल्या. आपण पाऊस 'बघायला' येतो. तिथल्या बायका तो सोसत असतात.

गुहागरला समुद्राजवळ, सुरूच्या झाडांखाली छान जागा बघून गाडी लावली. तोच इरलं घेतलेली एक आजी येऊन उभी राहिली.

"अगो बायांनो, इथे नका हो राहू. आज अष्टमी ना? सहाला भरती. वारा पण आहे."

"आजी, तुम्हाला वेळ कशी कळली?"

"तिथीची पाऊणपट करायची. आठाची पाऊणपट सहा. उद्या नवमी, पावणेसात."

एवढं सोपं गणित! भरती रोज साधारण पाऊण तास पुढे सरकते, आणि अमावास्या-पौर्णिमेला तिचा जोर सर्वात जास्त. मैत्रिणींनो, कोकणात जाणार असाल तर हे पाठ करून ठेवा. आजींनी आम्हाला स्वतःच्या अंगणात गाडी लावायला लावली. न्हाणीघर दाखवलं आणि रात्री कुळथाची पिठी नि गरम भात वाढला. मासेमारी बंद, म्हणून सोबत सुकटीची चटणी. दोन रात्री आम्ही तिथेच राहिलो. बायकांच्या अशा प्रवासातला सर्वात मोठा प्रश्न झोपायचा नसतोच, तो सकाळचा असतो. त्यामुळे पुढेही मुक्काम ठरवताना आम्ही आधी स्वच्छतागृह बघायचो, मग देखावा.

दशमीला हेदवीकडे निघालो. आडवाटेच्या एका मोरीवरून लाल पाणी वाहत होतं, फार नाही, घोट्याएवढं दिसत होतं. मी म्हटलं, "जाऊ की, एवढंसंच तर आहे." तिने गाडी बंद केली.

"खालचा रस्ता दिसत नाही. जाणार नाही."

"अगं, पण फेरी चुकेल!"

"चुकू दे."

आमचं चक्क भांडण झालं. मी फुगून बसले. तेवढ्यात मागून एसटी आली. ड्रायव्हरने खाली उतरून पाणी बघितलं, विडी शिलगावली आणि तोही बसून राहिला. मी गप्प.

तीन तास पाऊस पत्र्यावर वाजत होता. बाजूच्या खाचरात बायका ओणव्या होऊन भात लावत होत्या. मग मैत्रीण आपणहून बोलायला लागली.

"त्या रात्री यांच्या छातीत दुखायला लागलं ना, तेव्हा ही गाडी दारातच होती. पेट्रोल भरलेलं. चावी खिळ्याला. मुलगा पुण्यात. मी आणि सून, दोघीच घरात. दोघींनाही चालवता येत नव्हतं. कोणी रिक्षा आणायला गेलं, कोणी शेजाऱ्यांना उठवलं... अर्धा तास गेला गं. मी नुसती चावीकडे बघत होते."

दोन वर्षांत हे ती मला कधीच बोलली नव्हती. वेळेत पोचलो असतो तर ते वाचले असते का, कोण सांगणार? पण तो अर्धा तास तिच्याजवळ राहिला. म्हणून ती बावन्नाव्या वर्षी मोटार ट्रेनिंगला गेली. मला वाटत होतं, विरंगुळा म्हणून शिकतेय!

पाणी उतरलं. दगड दिसला, मग मोरीची कड, आणि कडेचा अर्धा रस्ता वाहून गेलेला. एसटी कडेकडेने गेली, मागोमाग आम्ही.

तवसाळहून जयगडला फेरीबोटीत गाडी चढवायची होती. चार पुरुष चारी दिशांनी ओरडत होते, "डावीकडं घ्या", "सरळ घ्या", "मॅडम, उतरा, आम्ही लावतो." तिने काच खाली केली. "एकानेच सांगा. बाकीचे गप्प बसा." सगळे गप्प! गाडी बोटीत चढली. शास्त्रीच्या खाडीवर पाऊस पडत होता. ती स्टिअरिंगवर हात ठेवून रडत होती आणि हसतही होती.

एकादशी गणपतीपुळ्याला झाली. गाडीच्या दाराखाली वऱ्याचे तांदूळ नि दाण्याची आमटी. जवळच मालगुंडला केशवसुतांचं घर पाहिलं. समुद्रात पाऊल टाकलं नाही. पावसाळ्यात तो किनारा जीवघेणा असतो, लांबूनच नमस्कार. आरे-वारेच्या चढावर गाडी थांबवून दोन्ही बाजूंचा खवळलेला समुद्र डोळे भरून बघितला. ती बराच वेळ तिथे उभी होती. काय बोलली मनात, मी विचारलं नाही.

रत्नागिरीहून आंबा घाटाने घरी आलो. दारात मुलगा उभा. "आई, गिऱ्हाईक रविवारी येतंय."

"त्याला म्हणावं, दिवाळीनंतर ये," ती म्हणाली आणि चावी सुनेच्या हातात दिली. "आधी ही शिकू दे."

चावी आता त्याच खिळ्याला असते. सुनेचं लर्निंग लायसन आलंय. आणि हो, गेल्या सोमवारी आरटीओच्या रांगेत तिच्या मागे मीही उभी होते. घरी सांगितलं, तर वर्तमानपत्र खाली आलं ते पुन्हा वर गेलंच नाही!