खेळ रचण्याची विद्या : लेखांक चौथा

गेल्या लेखांकात सामुदायिक महाविद्यालय ही संस्था आपल्या देशात कशी रुजली, म्हणजे 1995 साली पाँडिचेरी विद्यापीठाने तिचा आरंभ कसा केला आणि 2013-14 पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने तिला रीतसर योजनेचे रूप कसे दिले, हे आपण पाहिले. आता तिच्या छत्राखाली शिकविता येण्याजोग्या विषयांपैकी ज्याचे नुसते नाव काढताच आदिलाबादकडील मावला, जैनथ, बेला या बाजूच्या वडीलधाऱ्या मंडळींच्या कपाळाला आठी पडते, त्या संगणकीय खेळांच्या निर्मितीकडे वळू. पोरगा आधीच मोबाइलवरून मान वर काढीत नाही, त्यात आता फी भरून तेच शिकवायचे काय, ही त्यांची तक्रार ऐकून घेण्यासारखी आहे; परंतु नाटक पाहणारा आणि नाटक बसविणारा यांच्या श्रमांत जे अंतर, तेच खेळणाऱ्यात आणि खेळ रचणाऱ्यात आहे, आणि अभ्यासक्रमाच्या पहिल्या महिन्यातच ते हौशी विद्यार्थ्याच्या प्रत्ययास येते.

आयोगाच्या चौकटीत एका वर्षाच्या पदविकेचे 60 श्रेयांक असून त्यांतील 36 कौशल्यासाठी व 24 सामान्य शिक्षणासाठी असतात, बी.व्होक. या व्यावसायिक पदवीची तीन वर्षेही याच प्रमाणाने बेतलेली असून, घरच्या अडचणीने मध्येच शिक्षण सोडावे लागले तरी पहिल्या वर्षाअखेर पदविका, दुसऱ्याअखेर प्रगत पदविका एवढा दाखला पदरात पडतो. शेतकरी कुटुंबाला ही सवलत लहान नव्हे.

शिकवितात काय, हे एका उदाहरणानेच पाहावे. पडद्यावरील चित्र सामान्यतः दर सेकंदास 60 वेळा नव्याने काढले जाते, म्हणजे एका चित्राच्या वाट्याला सुमारे 16.7 मिलिसेकंद येतात, आणि तेवढ्या अवधीत यंत्राला कळ दाबली गेली काय, पात्र भिंतीला लागले काय, याचा सगळा हिशेब उरकावा लागतो. नवशिका विद्यार्थी सहजच आज्ञा लिहितो की, प्रत्येक चित्रागणिक पात्राने पाच ठिपके पुढे सरकावे. प्रयोगशाळेतील चांगल्या यंत्रावर ते सेकंदाला 300 ठिपके धावते. तोच खेळ घरच्या जुन्या यंत्रावर, जेथे सेकंदाला 30 चित्रेच जेमतेम निघतात, 150 ठिपक्यांवर रखडतो, आणि ज्याचे यंत्र गरीब त्याचा नायकही मंद, असा अन्याय निष्कारण घडतो. यावर तोड अशी की, वेग चित्रागणिक न मोजता सेकंदागणिक 300 ठरवावा आणि मागील चित्रापासून जितका काळ लोटला असेल तितक्याने त्यास गुणावे. मग चित्रागणिक चांगल्या यंत्रावर पाच, जुन्यावर दहा ठिपके पडतात आणि दोन्ही नायक एकाच वेळी मुक्कामास पोहोचतात. उडीलाही हाच न्याय: वर जाण्याचा आरंभीचा वेग द्यायचा आणि लोटलेल्या काळाच्या मानाने त्यातून गुरुत्वाकर्षणाचा भाग वजा करीत जायचे. शाळेत ज्याने गतीची समीकरणे परीक्षेपुरती घोकली, त्याला ती येथे प्रथमच चालती-बोलती दिसतात.

हे गणित टाळून केवळ कोठली कळ कोठे दाबावी एवढेच शिकविणारे आणि त्यासाठी भरमसाट फी घेणारे खासगी वर्ग शहरोशहरी निघाले आहेत; त्यांच्या जाहिरातीस भुलू नये, हे येथे स्पष्टच सांगतो. साधनांचा तर खर्चच नाही: खेळ रचण्यासाठी 2014 साली खुले झालेले गोडो आणि त्रिमितीय चित्रांसाठी 2002 पासून खुले असलेले ब्लेंडर ही दोन्ही विनामूल्य आहेत.

सीमाभागातील विद्यार्थ्याजवळ मात्र एक भांडवल असे आहे, ज्याची त्याला स्वतःलाच जाणीव नसते. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत किनवट व राजुरा हे तालुके मुंबई राज्याकडे गेले आणि आदिलाबाद आंध्र प्रदेशाकडे. त्यामुळे घरी मराठी, शाळेत तेलुगू, बाजारात हिंदी-उर्दू आणि शेजारी गोंडी, अशी चतुर्विध वहिवाट या मुलखात पडली. खेळ अनेक भाषांत आणावयाचा तर त्यातील संवाद आज्ञावलीत न गुंफता वेगळ्या तक्त्यात, एकेका भाषेच्या एकेका रकान्यात ठेवायचे असतात, म्हणजे भाषा बदलली तरी खेळाला हात लावावा लागत नाही. नियम सोपा, परंतु तो पाळूनही कसे अडते ते पाहा: गोडोच्या तिसऱ्या आवृत्तीत जोडाक्षरे जुळत नसत आणि ‘किल्ला’ लिहिला तर पहिली वेलांटी ‘क’च्या उजवीकडे जाऊन बसे, 2023 साली निघालेल्या चौथ्या आवृत्तीने हा दोष दूर केला. उर्दूची ओळ उजवीकडून चालते, तेव्हा कळसूचीची मांडणीही उलटवावी लागते. ज्याने या लिप्या लहानपणापासून दुकानांच्या पाट्यांवर वाचल्या, त्याला असली चूक पडद्यावर दिसताच खटकते. इतरांच्या ती नजरेसही येत नाही.

पोट भरण्याचा प्रश्न उरतो. नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीचा 2016 चा ‘लुडो किंग’ घरोघरी पोहोचला, आणि पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने लोकवर्गणीचा 2017 मधील प्रयत्न फसूनही ‘राजी’ हा खेळ 2020 साली बाजारात आणला. परंतु अशी नावे बोटांवर मोजण्याइतकीच, आणि पदविका घेऊन निघालेल्या बहुतेकांची पहिली नोकरी दुसऱ्याच्या खेळातील चुका शोधण्याची किंवा चित्रे रंगविण्याची असते. पालकांनी प्रवेशाच्या दिवशीच हे मुलाशी बोलून घ्यावे. प्रवेशासाठी कोणती कागदपत्रे लागतात आणि शिष्यवृत्तीचा अर्ज कोठे करावयाचा, याची तपशीलवार हकीकत पुढील आठवड्यात.