जुनी घरे आणि आपली जबाबदारी



आपल्या तालुक्यात जुन्या घरांचा विषय निघाला की वडीलधाऱ्यांच्या तोंडी प्रथम सुप्याचे नाव येते. एकेकाळी तालुक्याचे ठाणे असलेले हे गाव काळी नदीवरील धरणाच्या पाण्याखाली गेले. १०१ मीटर उंचीचे सुपा धरण १९८७ मध्ये पूर्ण झाले. तेथील घरे वाचवणे सामान्य माणसाच्या हाती नव्हते. परंतु आज गावोगावी जी जुनी घरे पडत आहेत, ती पाण्यात बुडून नव्हे, तर आपल्या डोळ्यांदेखत दुर्लक्षाने पडत आहेत.

पुष्कळांचा समज असा, की जुनी वास्तू म्हटली की सरकार तिचे रक्षण करतेच. तसे नाही. १९५८ च्या केंद्रीय कायद्यानुसार वास्तू किमान १०० वर्षांची असावी लागते आणि ती राष्ट्रीय महत्त्वाची असल्याचे सरकारने रीतसर जाहीर करावे लागते. कर्नाटकाचा स्वतंत्र कायदा १९६१ चा आहे. या याद्यांत मुख्यतः मंदिरे, किल्ले, शिलालेख येतात. माती-जांभ्याच्या भिंतींचे, कौलारू, माजघर-पडवी असलेले राहते घर त्यांत क्वचितच सापडते. मुंबईत १९९५ च्या नियमांनी खाजगी जुन्या इमारतींचीही यादी झाली. खेड्यातील घराला मात्र असे कवच सहसा नसते.

शहरातही नुसते महत्त्व असून भागत नाही. पुण्याच्या बुधवार पेठेतील भिडे वाड्यात जोतीराव फुले यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा सुरू केली. आज आपल्या वर्गात मुली बसतात, त्या परंपरेचा उगम तेथे आहे. पण स्मारकाचा वाद वर्षानुवर्षे न्यायालयात चालला आणि तोवर वाडा मोडकळीस आला. अखेर नवे स्मारक उभारण्यासाठी डिसेंबर २०२३ मध्ये तो पाडावा लागला. स्मारक होईल, पण मूळ भिंती परत येणार नाहीत.

घर पडते कसे, हे मी माझ्या आजोबांच्या घरावरून शिकलो. भावाभावांत वाटणी अडली आणि दुरुस्ती कोणी करायची, हे ठरेना. एक वर्ष शाकारणी चुकली. दोन-चार कौले सरकली, पाणी भिंतीच्या माथ्यावर उतरले, वाशांची टोके कुजली, मागोमाग वाळवी लागली. तिसऱ्या पावसाळ्यात मागची बाजू बसली. मग सर्वांचे एकमत झाले, पण ते पाडण्यावर! वेळेवर खर्च झाला असता तर थोडक्यात निभावले असते. त्या चुकीत माझाही वाटा आहे.

यावरून काही साध्या गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पावसाळ्यापूर्वी कौले परतून घ्यावीत. भिंतीच्या पायथ्याशी पाणी साचू देऊ नये. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नये, कारण आतील ओल बाहेर पडू शकत नाही व भिंत आतून कमकुवत होते. त्यापेक्षा माती किंवा चुन्याचा गिलावा बरा. बंद घर महिन्यातून एकदा तरी उघडून हवा खेळू द्यावी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, वाटणीचा वाद मिटेपर्यंत निदान छपराचा खर्च सर्व भागीदारांनी मिळून करावा.

नवे घर बांधूच नये, असे माझे म्हणणे नाही. पक्के न्हाणीघर, वीज, मुलांना अभ्यासाची खोली प्रत्येकाला हवी. पण मूळ घर ठेवून मागे खोल्या वाढवता येतात का, हे आधी पाहावे. ज्यांना पाडण्यावाचून इलाज नाही, त्यांनी आधी छायाचित्रे काढावीत, मोजमापे घ्यावीत आणि कोरीव खांब व दारे लाकडाच्या भावात विकू नयेत.

आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांना मी या सुट्टीत एक काम देत आहे. आपल्या गावातील एका जुन्या घराची वही तयार करा. मालकांची परवानगी घेऊन नकाशा काढा. घर कोणी बांधले, लाकूड कोठून आणले, माती कशी मळली, हे आजी-आजोबांना विचारून लिहा. या वह्यांसाठी वाचनालयात एक कपाट मिळावे, अशी विश्वस्त मंडळास नम्र विनंती आहे.

कायदा येईल तेव्हा येईल. पाऊस मात्र जूनमध्ये येणारच आहे.

आपला,
मुख्याध्यापक