बाणाची कादंबरी आणि आमच्या घरचे श्रोते

'कादंबरी' हा शब्द आपण मराठीत इतक्या सहजपणे उच्चारतो की, ते एका नायिकेचे नाव आहे याचे स्मरण सहसा कोणास राहत नाही. हिंदीत उपन्यास म्हणतात, गुजरातीत नवलकथा म्हणतात. परंतु मराठी व कानडी या दोघी भगिनींनी सातव्या शतकातील एका गंधर्वकन्येचे नाव साऱ्या वाङ्मयप्रकारास देऊन टाकले. ती कन्या बाणभट्टाची मानसकन्या. बाण हा सम्राट हर्षवर्धनाच्या आश्रयास होता. ग्रंथ अर्धा राहिला असता तो निवर्तला आणि त्याच्या पुत्राने उत्तरभाग रचून पित्याचे ऋण फेडले.

गतवर्षी चातुर्मासात हा ग्रंथ आमच्या घरी वाचला गेला, त्याची हकीकत वाचकांस सादर करीत आहो. आमचे घर बेलापुरास, प्रवरेच्या काठी. चातुर्मासात दिवेलागणीनंतर माजघरात काही वाचावयाचे, ही वडिलांपासूनची चाल. या खेपेस सूनबाईंनी शहरातून एक नवीन पुस्तक आणले होते. त्यात प्रेमी युगुलाची कथा दोन जन्मांत, दोन काळांत आळीपाळीने चालते. तरुण मंडळीत त्याचे मोठे वेड आहे म्हणे. ते वाचावे असा त्यांचा आग्रह पडला. आम्ही म्हणालो, "ही तऱ्हा नवी नव्हे. आधी मूळ पाहा, मग शाखा पाहा." आणि रोज थोडथोडी कादंबरी मराठीत सांगण्याचे आम्ही पत्करले.

कथेचा सांगाडा ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. विदिशेचा राजा शूद्रक याच्या सभेत एक चांडालकन्या बोलका पोपट घेऊन येते. पोपट आपली हकीकत सांगू लागतो. त्या हकीकतीत जाबाली ऋषी पोपटाच्या पूर्वजन्माची कथा सांगतात. आणि त्या कथेत महाश्वेता आपली कहाणी उज्जयिनीचा राजपुत्र चंद्रापीड यास ऐकवते. महाश्वेतेचा प्रियकर पुंडरीक विरहाने मरण पावलेला. तिची सखी कादंबरी. तिच्यावर चंद्रापीडाचे मन जडते. पुढे चंद्रापीडाचा मित्र वैशंपायन महाश्वेतेस पाहून वेडा होतो. ती संतापून त्यास पोपट होण्याचा शाप देते आणि तो गतप्राण होतो. ही वार्ता ऐकून चंद्रापीडाचेही हृदय फुटते. शेवटी उलगडा होतो तो असा: वैशंपायन हाच पूर्वीचा पुंडरीक, व पुढे तोच पोपट, चंद्रापीड हा साक्षात चंद्र, आणि सभेत बसून कथा ऐकणारा शूद्रक म्हणजे पुन्हा तोच चंद्रापीड!

आता श्रोत्यांचे अभिप्राय. पुतण्या यंत्रविद्येचा विद्यार्थी. तो म्हणाला, "काका, डब्यात डबा, त्यात आणखी एक डबा. कोण कोणास सांगतो आहे याचा कागदावर तक्ता मांडला, तेव्हा कोठे समजले." आम्ही त्यास सांगितले की, वेबर नावाच्या जर्मन पंडितासही बाणाचे गद्य म्हणजे झाडीने माजलेले अरण्यच वाटले होते. धाकट्या बंधूंस समासांचा कंटाळा. पण शुकनास मंत्र्याने चंद्रापीडास लक्ष्मीच्या चंचलपणाविषयी केलेला उपदेश त्यांनी दोनदा म्हणवून घेतला.

सूनबाईंचे लक्ष भलतीकडेच होते. त्या म्हणाल्या, "मामंजी, ती पत्रलेखा चंद्रापीडाजवळ सावलीसारखी असते. तिच्या मनात काय चालले होते, हे बाणाने विचारलेच नाही." ही तक्रार ऐकून आम्हांस कौतुक वाटले, कारण काव्यातील उपेक्षित स्त्रियांविषयी लिहिताना रवींद्रनाथ ठाकुरांनी ऊर्मिलेच्या जोडीला याच पत्रलेखेची कड घेतली आहे.

पुतण्याने एके दिवशी विचारले, "पुनर्जन्म खरा मानावयाचा काय?" आम्ही म्हणालो, "याच प्रवरेच्या काठी, खाली नेवाशास, ज्ञानेश्वर महाराजांनी शके १२१२ मध्ये गीतेवर टीका सांगितली. जीर्ण वस्त्र टाकून नवे नेसावे तसा देह पालटतो, हे तेथे अर्जुनाचा शोक निवारण्यासाठी सांगितले आहे. बाणाचा पुनर्जन्म निराळा. तो प्रेमाचा धागा तुटू नये म्हणून आहे. एक आसक्ती सोडवतो, दुसरा ती जपतो." हे उत्तर आम्हांस बरे साधले असे वाटले. कोपऱ्यात वाती वळीत बसलेली आमची आक्का तेवढी काही बोलली नाही.

आक्का आमची वडील बहीण. वयाच्या बाविसाव्या वर्षी तिला वैधव्य आले व ती माहेरी परतली. पुढे सन १९७८ मध्ये नगरच्या एका सद्गृहस्थांनी तिला मागणी घातली. वडील मंडळी विचारात पडली. आम्ही तेव्हा विशीतले, पाठशाळेतून काव्यांचा अभ्यास करून नुकते आलेले. शास्त्र काय म्हणते ते तू सांग, असे आम्हांस पुसण्यात आले. त्या वेळी आम्ही मोठ्या अभिमानाने महाश्वेतेचे उदाहरण दिले. अच्छोद सरोवराच्या तीरी वल्कले नेसून, वीणा घेऊन, एकाच पुरुषाचे चिंतन करणारी ती तपस्विनी! सर्वांनी माना डोलावल्या. स्थळ परतले. आक्काने पुढे तीस वर्षे बालवाडी चालवली आणि त्या गोष्टीचा उच्चार कधी केला नाही.

वाचनात शापाचा प्रसंग आला त्या रात्री माजघर स्तब्ध झाले. जो आपला, ज्याच्यासाठी सारे तप, तोच दुसऱ्या देहाने समोर उभा राहिला, आणि त्यालाच तिने न ओळखता शाप दिला! तेव्हा आक्काने वात खाली ठेवली व विचारले, "पुंडरीक गेला तेव्हा ती सरणावर चढावयास निघाली होती ना? मग थांबली कशी?"

आम्ही सांगितले, "आकाशातून एक दिव्य पुरुष उतरला. तो पुंडरीकाचे शरीर घेऊन गेला आणि जाताना तिला आश्वासन देऊन गेला की, तुझी व याची पुन्हा भेट होईल. म्हणून ती थांबली."

"असे होय!" आक्का म्हणाली. "म्हणजे ती वाट पाहत होती. तिला वचन मिळाले होते. मला कोणी काय वचन दिले होते रे? तू त्या वेळी मला अर्धीच गोष्ट सांगितलीस."

वाचकहो, आम्ही आयुष्यभर मुलांस संदर्भासह स्पष्टीकरण लिहावयास शिकवले. परंतु त्या रात्री आम्हांस उत्तर सुचले नाही. संदर्भ आम्हांस तेव्हाही ठाऊक होता. याच ग्रंथात चंद्रापीड महाश्वेतेस सांगतो की, मेलेल्यामागे मरणे हे निष्फळ आहे, मूढांचा मार्ग आहे. सातव्या शतकातील कवीची ही निर्भीड वाणीही आम्ही पढलो होतो. विधवाविवाहास कायद्याची संमती सन १८५६ मध्येच मिळाली, आणि दुसऱ्याच वर्षी बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' निघाले. मराठीतील ही पहिली कादंबरी विधवांच्या दुःस्थितीवरच आहे. हे सारे पदरी असूनही आम्ही तेवढे वल्कलांचे चित्र उचलले. बाणाची गोष्ट मृत्यूमुळे अर्धी राहिली. आमची आम्ही सोयीसाठी अर्धी ठेवली.

शूद्रक राजा परक्याची कथा म्हणून ऐकत बसतो आणि अखेरीस ती त्याचीच निघते. पन्नास वर्षे हा ग्रंथ हाताळूनही हे मर्म आम्हांस घरच्या माजघरात कळावयाचे होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही आक्कापाशी जाऊन, आमचे चुकले, असे स्पष्ट शब्दांत सांगितले. तिने थोडा वेळ आमच्याकडे पाहिले. मग म्हणाली, "आता तुझा बाण पुरे. सूनबाईंचे ते नवे पुस्तक काढा. पण या वेळी तिला वाचू दे. ती मधले गाळणार नाही."

तेव्हापासून सूनबाई वाचतात आणि आम्ही वाती वळतो.