वजाबाकीने काढलेला कोन

बहुभुजाकृतीचा एक कोन दिलेला नसेल, तर बाजूंच्या संख्येतून दोन वजा करायचे, उरलेल्याला १८०ने गुणून आतल्या कोनांची बेरीज काढायची आणि त्या बेरजेतून माहीत असलेले कोन वजा करायचे. शाळेच्या वहीत हे गणित दोन ओळींत संपते. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणातल्या माणसांनी मात्र मुख्य त्रिकोणांसाठी ही सोपी वाट वर्षानुवर्षे नाकारली.

१० एप्रिल १८०२ रोजी विल्यम लॅम्ब्टन यांनी मद्रासजवळ आधाररेषा मोजायला घेतली. सुमारे १२ किलोमीटरच्या त्या रेषेला जवळपास दोन महिने लागले. पुढचे सारे काम मुख्यतः कोनांचे होते. त्यांचे कोन मोजायचे यंत्र, थिओडोलाइट, अर्ध्या टनाचे. १८०८ मध्ये ते तंजावरच्या मंदिरावर चढवताना दोर तुटला आणि यंत्राची वर्तुळपट्टी वाकली. ती पूर्ववत करायला लॅम्ब्टन स्वतः कित्येक आठवडे खपले.

दोन कोन हाती आले की तिसरा तंबूत बसूनही काढता येतो. तरीही तिसऱ्या टेकडीवर यंत्र चढवायचे, कारण वजा करून काढलेला कोन बेरीज नेहमीच बरोबर दाखवतो; पहिल्या दोन कोनांतली चूक तो निमूट गिळतो. तिन्ही मोजले तरच ती उघडी पडते. एका ठाण्याभोवती त्रिकोण जुळून बहुभुज झाला, तर मधल्या कोनांची बेरीज ३६० अंश भरली पाहिजे, ही आणखी एक कसोटी. शिवाय पृथ्वी गोल, म्हणून त्रिकोणाची बेरीज १८०पेक्षा किंचित जास्तच यायला हवी. पन्नास किलोमीटर बाजूंच्या समभुज त्रिकोणात ही वाढ साडेपाच सेकंदांची, म्हणजे एका अंशाच्या सहाशेव्या भागाहूनही कमी. एवढ्याशा फरकाचाही हिशोब ठेवणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

लॅम्ब्टन १८२३ मध्ये नागपूरच्या वाटेवर, वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारले; त्यांची कबर तिथेच आहे. त्यांच्यानंतर जॉर्ज एव्हरेस्ट यांनी त्रिकोणांची ही साखळी हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली. गंगेच्या सपाट प्रदेशात टेकड्याच नाहीत, म्हणून मनोरे बांधले, आणि दिवसा धुरळ्यात काही दिसत नसे, म्हणून रात्री दिवे लावून कोन घेतले. जंगलात आणि तराईत हिवतापाने किती जणांचे प्राण घेतले! वेधासाठी झेंडे धरणाऱ्या मदतनिसांची नावे फारशी कुठे सापडत नाहीत, याची खंत वाटते.

मग अशी जागा आली, जिथे तिसरा कोन मोजणे शक्यच नव्हते. नेपाळमध्ये सर्वेक्षणाला प्रवेश नव्हता, आणि शिखर क्रमांक १५वर, म्हणजे आजच्या एव्हरेस्टवर, तर कोण चढणार? १८४९-५० च्या हंगामात जेम्स निकोल्सन यांनी तराईतल्या ठाण्यांवरून, पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास अंतरावरून, त्या शिखराचे वेध घेतले. त्रिकोणाच्या पायाचे दोन कोन मोजलेले, शिखरावरचा वजाबाकीचा. पण ठाणी दोनच नव्हती. वेगवेगळ्या जोड्यांवरून वेगवेगळे त्रिकोण बनत आणि त्या प्रत्येकातून शिखराचे स्थान एकच यावे लागे. न मोजलेल्या कोनाची पडताळणी अशी दुसऱ्या दाराने आत आणली गेली. अंतर ठरल्यावर उभा कोन, पृथ्वीची वक्रता आणि हवेतले प्रकाशाचे वळण धरून उंची काढायची. राधानाथ सिकदार यांच्यासारख्या गणकांनी ती आकडेमोड केली. सर्वेक्षणाचे तेव्हाचे प्रमुख अँड्र्यू वॉ यांनी १८५६ मध्ये उंची जाहीर केली, २९,००२ फूट, म्हणजे सुमारे ८,८४० मीटर. नेपाळ आणि चीन यांनी २०२० मध्ये जाहीर केलेला आकडा ८,८४८.८६ मीटर आहे.