आगळ, गूळ आणि ओव्हनमधली कोंबडी

मुंबई-गोवा हायवेवरून मालवणला जाताना जिथे वळता ना, त्या कसालमधून बोलतेय. मागे मधेच एसटीचा हॉर्न ऐकू आला तर सांभाळून घ्या.

आज आंबट-गोड सॉस लावून भाजलेली कोंबडी. रील्समध्ये हा सॉस केचप, व्हिनेगर आणि ब्राऊन शुगरचा असतो. मी म्हटलं, आंबटाला आपल्याकडे आगळ आहे, गोडाला गूळ आहे, मग बाटल्या कशाला आणू? सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ साली जीआय मानांकन मिळालंय, तरी आपण ते माशाच्या आमटीत आणि सोलकढीतच अडकवून ठेवतो.

पहिला प्रयत्न मात्र पार फसला. दादा मुंबईहून आला होता, सगळे एकत्र जेवायला बसले. मी कोंबडीला मीठ लावलं, वर आगळ ओतलं, गूळ चोळला आणि रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून सकाळी थेट ओव्हनमध्ये. बाहेरून काळी, हाडाजवळ गुलाबी, आणि खारट तर विचारू नका. आजी आधीच म्हणाली होती, "कोंबडीत गूळ? खुळी झालंस काय गो?" त्या दिवशी ती डाळभात जेवली. काही बोलली नाही, तेच जास्त लागलं.

मग एकेक चूक शोधली. आगळ म्हणजे कोकमाच्या सालींना मीठ लावून सुटलेला रस, त्यात मीठ आधीच भरपूर. म्हणून कोंबडीला वेगळं मीठ जवळजवळ नकोच. आणि अमृत कोकम वेगळं बरं का, त्यात साखर असते. ते घेतलंत तर गूळ घालू नका. रात्रभर आंबटात ठेवलं की मांसाचा वरचा थर भुसभुशीत होतो. तासभर पुरे.

सगळ्यात मोठी चूक गुळाची. साखर मांस शिजण्याआधीच करपते. म्हणून सॉस शेवटी.

आता माप. एक किलो तंगड्या, जमल्यास कातडीसकट. कोरड्या पुसायच्या. आलं-लसूण वाटण, चमचाभर मालवणी मसाला, दोन चमचे तेल आणि एक मोठा चमचा आगळ लावून ठेवा. ओटीजी २०० डिग्रीवर आधी तापवा, मग २५ मिनिटं नुसतीच भाजा. तोवर तीन मोठे चमचे आगळ, साधारण ८० ग्रॅम गूळ, अर्धी वाटी पाणी आणि ठेचलेला लसूण मंद आचेवर मधासारखं दाट होईपर्यंत आटवा. भांडं स्टीलचं. आंबटामुळे ॲल्युमिनियम नको. आगळ नसेल तर दहा-बारा आमसुलं गरम पाण्यात भिजवून कुस्करा, फक्त मग चवीपुरतं मीठ घाला.

सॉसचा निम्मा भाग वाढायला बाजूला काढा. कच्च्या-अर्धकच्च्या तुकड्यांना लावलेला ब्रश त्यात परत बुडवायचा नाही. उरलेला सॉस तुकड्यांना लावून अजून १० ते १२ मिनिटं. या वेळी मोबाईल बाजूला ठेवा, नजर काचेवर. कडा गडद झाल्या की पुरे.

शिजली का? थर्मामीटर असेल तर सगळ्यात जाड भागात, हाडाला न टेकवता, ७४ डिग्री. नसेल तर हाडाजवळ सुरी खुपसा. रस पारदर्शक यायला हवा, गुलाबी आला तर वर फॉईल झाकून परत आत. पाच मिनिटं थांबून मग वाढा. आमच्याकडे पावसात मधेच लाईट जाते, तेव्हा मी ती अर्धवट कोंबडी तशीच ठेवत नाही, लगेच झाकण घालून गॅसवर शिजवते.

परवा दादा परत आला तेव्हा पुन्हा केली. बाबांनी हाड चोखून ठेवलं. आजीने एक तुकडा घेतला, सॉस बोटाने पुसून चाखला, मग दुसरा तुकडा घेतला.

"बरा लागता," म्हणाली. "पण वडे खंय आसत?"