जुन्या पेट्रोल जीपचा स्पार्क : काय बदलावे, काय ठेवावे



उसाच्या पानात हा गाडीचा विषय कशाला, असे काहींना वाटेल. पण मागच्या सुरू लागणीच्या वेळी आपल्या एका सभासदाचे बेणे दर्यापूर-अकोट रस्त्यावर दोन दिवस उभे राहिले. बेणे तोडल्यापासून 24 तासांच्या आत जमिनीत जावे, असे मी दर बैठकीत सांगतो. इथे जीप सकाळी चांगली सुरू व्हायची, इंजिन तापले की मिसिंग मारून बंद पडायची. "साहेब, काहून असं करते हे? काल तं ठणठणीत होती," असे तो म्हणत होता. एका मिस्त्रीने त्याला जास्त ताकदीची महागडी कॉइल विकली. तरी गाडी थांबलीच. शेवटी दोष निघाला कंडेन्सरमध्ये. तो बदलायला पंधरा मिनिटे लागली, नांग्या भरायला मात्र पंधरवडा गेला.

डिझेल पिकअपवाल्यांनी पुढचे वाचले नाही तरी चालेल, कारण डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. पण मागे हौदा बांधलेल्या महिंद्राच्या जुन्या पेट्रोल जीपा आपल्या भागात अजून काही आहेत. त्यांत विलीजच्या घडणीचे चार सिलिंडरचे 2199 सी.सी. इंजिन असते. त्याला पॉइंट, कंडेन्सर आणि कॉइल अशी जुनी व्यवस्था आहे. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी ही पद्धत मोटारीत आणली, ती 1910 च्या सुमाराची.

तिचे काम असे. पॉइंट मिटलेले असताना कॉइलमधून बॅटरीचा प्रवाह वाहतो. ते उघडले की प्रवाह तुटतो आणि कॉइलच्या दुसऱ्या वेढ्यात हजारो व्होल्टचा दाब उठतो, तोच प्लगवर ठिणगी टाकतो. कंडेन्सर नसला किंवा निकामी झाला तर ठिणगी प्लगऐवजी पॉइंटवरच उडते आणि पॉइंट जळतात. इंजिन मिनिटाला 2000 फेरे घेत असेल तर पॉइंट मिनिटाला 4000 वेळा उघडतात. मग झीज होणारच. या जीपांना पॉइंटचे अंतर साधारण 20 हजारांश इंच आणि प्लगचे 30 हजारांश इंच ठेवतात.

इलेक्ट्रॉनिक संच घेण्याआधी डिस्ट्रिब्युटरचा दांडा हाताने बाजूला हलवून बघा. खेळ लागला तर आधी बुश बदला. ढिल्या दांड्यावर कोणताही संच बसवला तरी टायमिंग डळमळणारच. इंजिन ते चासी ही अर्थिंगची पट्टी, भेगा गेलेली कॅप आणि कडक झालेल्या प्लग वायरीही तपासाव्यात. माझ्या अनुभवात निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

आता संचाबद्दल. एक प्रकार पॉइंट तसेच ठेवतो आणि त्यांच्यावरचा मोठा प्रवाह ट्रान्झिस्टरच्या डब्यावर टाकतो. पॉइंट जळत नाहीत, पण कॅमवर घासून अंतर कमी होत राहते. दुसऱ्यात पॉइंट निघून जातात आणि त्यांच्या जागी कॅपखाली चुंबकाचा संवेदक बसतो. अंतर पुन्हापुन्हा लावावे लागत नाही. आपल्या डिस्ट्रिब्युटरसाठीच बनवलेला मिळाला तर मी दुसरा घ्या म्हणेन. "जवळपास बसतो" म्हणून दिलेला घेऊ नका. जास्त ताकदीची कॉइल मात्र या इंजिनाला लागत नाही. याचे कॉम्प्रेशन सुमारे 7 ला 1, साधी धडधाकट कॉइल पुरते. गाडी पळायला लागेल, पेट्रोल निम्मे लागेल, असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. फायदा एवढाच, की सुरू होणे आणि टायमिंग भरवशाचे राहते.

विकत घेण्यापूर्वी बॅटरी 6 व्होल्टची की 12 ची, आणि बॉडीला तिचे ऋण टोक आहे की धन, हे पाहावे. टोक उलटे लागले तर संच क्षणात जळतो. कॉइलचा ओहम मीटरने मोजून संचाच्या पत्रकाशी जुळवावा. ओहम फार कमी असेल तर डबा तापून मरतो. डबा वेगळा असल्यास सायलेन्सरपासून लांब, हवेशीर जागी लावावा. अकोल्याचा मे महिना मी नव्याने काय सांगू! आणि इंजिन बंद असताना चावी चालू ठेवून गप्पा मारत बसू नये. त्यात कॉइल आणि संच दोन्ही जातात.

एक गोष्ट मी आग्रहाने सांगतो. पॉइंट बिघडले तर ते हळूहळू कळवतात, घासून-पुसून घरापर्यंत येता येते. संच बिघडला तर गाडी जागच्या जागी उभी राहते आणि शिवारात कोणी तो दुरुस्त करू शकत नाही. म्हणून काढलेली पॉइंटची प्लेट, चांगला कंडेन्सर आणि एक स्क्रू-ड्रायव्हर हौद्याच्या पेटीत कायम ठेवावे. कोणती वायर कुठे होती हे काढतानाच कागदावर लिहून घ्यावे.

अंतर मोजायचे फिलर गेज गट कार्यालयात ठेवले आहे. सही करून न्यावे, पण परत आणून द्यावे. मागच्या हंगामात एक गेले, ते अजून आलेले नाही.

– ऊस विकास अधिकारी